एक दिवा, दोन बिघाड: फोर-व्हील ड्राइव्हचं एक प्रकरण

गाडी आली तेव्हा तिच्या डिकीत कापडात गुंडाळलेली एक शिफ्ट मोटर होती. आधीच्या गॅरेजने काढून दिलेली. "ही गेली होती म्हणे. नवीन टाकली, चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेच," मालक म्हणाले. आता त्यांना अख्खी ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, बदलायला सांगितलं होतं. तो आकडा ऐकून ते माझ्याकडे आले होते.

गाडी डिझेल, लॅडर चासीची, मॅन्युअल गिअरबॉक्सची, सव्वा लाख किलोमीटर झालेली. फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम, म्हणजे एरवी जोर फक्त मागच्या चाकांना. डॅशबोर्डवरचा नॉब टू-एचवरून फोर-एचवर फिरवला की पुढची चाकं जोडली जातात. फोर-एलमध्ये गेलं की वेग साधारण अडीच पट कमी होतो आणि जोर त्याच प्रमाणात वाढतो. तक्रार एका ओळीची होती: नॉब फिरवला की फोर-व्हीलचा दिवा लुकलुकत राहतो, आणि चिखलात अडकलं की मागचीच चाकं गरागरा फिरतात.

पुढचं नीट कळावं म्हणून या रचनेत काय कशाला जोडलेलं आहे ते आधी सांगतो. नॉब स्वतः काहीच जोडत नाही, तो कंट्रोलरला फक्त मागणी कळवतो. कंट्रोलर ट्रान्सफर केसवरच्या शिफ्ट मोटरला करंट देतो, मोटर आतली स्लीव्ह (दात्यांची सरकती कडी) सरकवते, आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) मागच्याशी एकजीव होतो. मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही, त्यामुळे दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरणार, दुसरा इलाज नाही. इथपर्यंत अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं पुढच्या ॲक्सलवर होतं. तिथे एका बाजूचा ॲक्सल शाफ्ट मधोमध तोडलेला असतो. टू-एचमध्ये ही तोड उघडी असते, म्हणजे पुढची चाकं फिरली तरी प्रॉपेलर शाफ्ट आणि क्राउन-पिनियन (ॲक्सलमधले मुख्य गिअर) उगाच फिरत नाहीत. फोर-एचमध्ये व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीवर, चालणारा डायफ्राम (रबरी पडदा) एका फोर्कने (चिमट्यासारख्या दांड्याने) दुसरी छोटी स्लीव्ह सरकवून ही तोड सांधतो. ती बसली की हाउसिंगवरचा स्विच कंट्रोलरला कळवतो, आणि मगच दिवा स्थिर होतो.

ही तोड उघडीच राहिली तर पुढच्या एका नाही, दोन्ही चाकांना जोर मिळत नाही. बरेच जण इथे चकतात. "एक बाजू तुटलेली असेल, पण दुसऱ्या चाकाला तरी जोर मिळेल की," असं वाटतं. मिळत नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये जोर सोप्या वाटेने निघून जातो, आणि तुटलेल्या बाजूचा मोकळा तुकडा ही सगळ्यात सोपी वाट. प्रॉपेलर शाफ्ट फिरतो, तो तुकडा हाउसिंगच्या आत भिरभिरतो, आणि दोन्ही चाकं ढिम्म.

मालकांच्या तक्रारीशी हे तंतोतंत जुळत होतं. तरी अंदाजावर हात घालायचा नाही, म्हणून स्कॅनर लावला. कंट्रोलरमध्ये बिघाडाचा एक कोड साठलेला होता: शिफ्ट मोटर ठरलेल्या वेळेत ठरलेल्या जागी पोहोचली नाही. आधीच्या गॅरेजने मोटर का बदलली ते कळलं. कोडमध्ये मोटरचं नाव आलं, मोटर बदलली. पण कोड एवढंच म्हणत होता की मोटर पोहोचली नाही. ती स्वतः थकली, तिला करंट कमी पडला, की समोरून कोणी वाट अडवली, हे कोडमध्ये नव्हतं. त्या कोडसोबत कंट्रोलरने तेव्हाची स्थितीही टिपून ठेवली होती. ती मी उघडलीच नाही. कोड पुसला आणि पुढे गेलो. हे लक्षात ठेवा, याची किंमत मला नंतर मोजावी लागली.

फ्यूज ठीक, बॅटरी ठीक, कनेक्टरमध्ये गंज नाही, अर्थिंग घट्ट. ट्रान्सफर केसचं तेल काढून पाहिलं: पातळी बरोबर, चुंबकावर नेहमीचा बारीक काळा गाळ, तुकडे नाहीत. चढावर जोर देताना साखळी (ट्रान्सफर केसमधून पुढच्या शाफ्टला जोर नेणारी) उडाल्याचा ठणका नाही. मग नॉब फिरवला. दोन-तीन सेकंदांत दिवा स्थिर. परत टू-एच, दिवा बंद. दहा वेळा केलं, दहाही वेळा चोख. गाडी रात्रभर उभी होती आणि इंजिन नुकतंच सुरू केलं होतं. "काही नाही सापडलं" म्हणून किल्ली परत देण्याच्या बेतात होतो.

फोन केला तो निरोप द्यायला, पण तोंडून प्रश्न निघाला, "नेमकं कधी होतं हे?" मालक म्हणाले, "सकाळी निघाल्या निघाल्या लावलं तर लागतं. लांबून जाऊन मग कच्च्या रस्त्याला लागलो की नाही लागत." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "कधी कधी काढताना पण अडतं." पहिलं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. दुसरं नाही.

गरम गाडी, अधांतरी चाकं

दुसऱ्या दिवशी गाडी पाऊण तास पळवली, येतानाच नॉब फोर-एचवर टाकला, आणि दिवा लुकलुकत असतानाच थेट लिफ्टवर घेतली. चारही चाकं अधांतरी, इंजिन बंद, गिअर पहिला.

खाली जाऊन पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. गच्च. म्हणजे ट्रान्सफर केसने आपलं काम केलं होतं: पुढचा शाफ्ट मागच्याशी आणि गिअरबॉक्सशी जोडलेला होता. मोटर, स्लीव्ह, साखळी, सगळं या घडीला निर्दोष. मग पुढचं डावं चाक हाताने फिरवलं. शाफ्ट धरलेला असताना डावं चाक पुढे फिरवलं तर उजवं उलटं फिरायला हवं, डिफरन्शियलचा धर्मच तो. उजवं हललं नाही. हाउसिंगला हात लावला तर आत काहीतरी फिरल्याची मंद घरघर बोटांना जाणवत होती. तोच तो मोकळा तुकडा.

या तपासणीला स्कॅनर लागत नाही, मीटर लागत नाही. दोन हात पुरतात, आणि अर्धी यंत्रणा एका मिनिटात संशयातून बाहेर जाते. ट्रान्सफर केस बदला म्हणणाऱ्यांनी एवढं केलं असतं तर बरं झालं असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होता.

आता संशय ॲक्सलवरच्या तीन गोष्टींवर: स्लीव्ह-फोर्क जाम, डायफ्राम फाटलेला, किंवा व्हॅक्यूमच पोहोचत नाही. ॲक्चुएटरची, म्हणजे डायफ्राम ज्या डबीत बसतो तिची, व्हॅक्यूम नळी काढली आणि तिच्या जागी हातपंप लावला. ५०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत ओढलं. काटा मिनिटभर जागचा हलला नाही, म्हणजे डायफ्राम शाबूत. मदतनीसाला सांगितलं, डावं चाक हळू फिरव. दाते जुळायला थोडं फिरवावं लागतं. पाव फेरा झाला असेल, आतून "टक्" असा आवाज आला आणि उजवं चाक उलटं फिरू लागलं. किल्ली चालू ठेवली होती. डॅशबोर्डवरचा दिवा त्याच क्षणी स्थिर झाला. म्हणजे स्लीव्ह, फोर्क, डायफ्राम आणि स्विच, चौघेही सुटले. उरला व्हॅक्यूमचा पुरवठा.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा इनटेकमधून व्हॅक्यूम मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो, आणि ब्रेकचा बूस्टरही त्याच पंपावर चालतो. ब्रेक पेडल मऊ, नेहमीसारखं होतं, म्हणून पंपावर शंका नव्हतीच. तरी मोजला: ६५० मिलिमीटर, उत्तम. सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी व्हॅक्यूमची झडप) नॉबबरोबर टकटकत होता, बाहेर व्हॅक्यूम देत होता. त्याच्यापासून ॲक्चुएटरपर्यंत गेलेली रबरी नळी पाहिली. चीर नाही, कुठे सुटलेली नाही, तोंडं घट्ट. एव्हाना गाडी निम्मी थंड झाली होती, त्यामुळे पुन्हा सगळं चोख चालू लागलं.

थंडीत चालतं, उष्णतेत नाही. उभ्या गाडीवर पाहून हे सापडणार नव्हतं. म्हणून ॲक्चुएटरच्या तोंडाशी एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवला, त्याला लांब नळी जोडून ती दाराच्या फटीतून आत घेतली आणि व्हॅक्यूमचा गेज डॅशबोर्डवर चिकटवला. निघालो. पहिली वीस मिनिटं दर वेळी नॉब फिरवल्यावर काटा झपकन ६०० च्या वर. पंचविसाव्या मिनिटाला तो रेंगाळायला लागला. पस्तिसाव्या मिनिटाला नॉब फिरवला तर काटा कसाबसा १५० पर्यंत चढला आणि तिथेच बसला. दिवा लुकलुक.

परत आलो, इंजिन चालूच ठेवून लिफ्टवर. नळी जिथून सायलेन्सर पाइपच्या बाजूने खाली उतरते तिथे टॉर्च मारला. नळी चपटी झाली होती. दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या, बोटभर लांबीत. वरून मदतनीसाने इंजिन बंद केलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती हळूहळू फुगून पुन्हा गोल झाली. आधी मी हीच नळी "ठीक आहे" म्हणून सोडली होती. थंड गाडीखाली ती ठीकच होती.

ती कापून पाहिल्यावर उलगडा झाला. मूळ व्हॅक्यूम नळीची भिंत जाड असते, आतलं भोक बारीक. ही पातळ भिंतीची, मोठ्या भोकाची, दुसऱ्याच कशाची तरी नळी होती. मागे कधीतरी गाडी खालून घासली तेव्हा कोणीतरी हाताला लागली ती बसवली होती. अशी नळी बाहेर ढकलणाऱ्या दाबाला टिकते. आत ओढणाऱ्या दाबापुढे, त्यात सायलेन्सरची धग लागून रबर मऊ पडलं की, ती आपलंच तोंड मिटून घेते.

जाड भिंतीची नळी घातली, सायलेन्सरपासून हातभर दूर क्लिपांत बांधली. तासभर पळवून पुन्हा मोजलं, काटा ६०० च्या वर. गाडी दिली. मनात म्हटलं, सुंदर काम झालं.

आठ दिवसांनी

गाडी परत. दिवा लुकलुकतोय. आणि मालकांच्या मते आता आधीपेक्षा जास्त वेळा.

अशा वेळी पहिला मोह होतो तो आपल्याच जोडणीवर शंका घेण्याचा. नळी पाहिली, तिला काही झालेलं नव्हतं. मग मालकांना शेजारी बसवलं आणि म्हटलं, तुम्ही जसं चालवता तसं चालवा. ते मातीच्या रस्त्यावर गेले, फोर-एच लावलं, लगेच लागलं. काम झाल्यावर डांबरी रस्त्याला लागले, तसेच फोर-एचमध्ये दीड-दोन किलोमीटर सरळ आले, मग नॉब टू-एचवर फिरवला. दिवा लुकलुकायला लागला. खालून मोटरची क्षणभर घूं ऐकू आली आणि थांबली.

"हेच ते काढताना अडणं," मालक म्हणाले. मला फोनवरचं ते दुसरं वाक्य आठवलं.

स्कॅनर जोडलेलाच होता. मागणी टू-एच, मोटरची जागा फोर-एच आणि टू-एच यांच्या अधेमधे. मोटरच्या कनेक्टरवर करंट व्यवस्थित पोहोचत होता. म्हणजे मोटर ओढत होती, पण स्लीव्ह सुटत नव्हती. मी मालकांना सांगितलं, गाडी सरळ तीन-चार मीटर मागे घ्या. दोन मीटर गेली नसेल, खालून "खट्" असा दणका आला आणि दिवा बंद.

मागे घेतल्यावर सुटतं याचा अर्थ एकच: पुढच्या आणि मागच्या शाफ्टांमध्ये पीळ साचला होता. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरायची गरज पडली, की फरक कुठेतरी साचतो. मातीत टायर थोडे घसरून तो सोडून देतात. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाहीत, मग शाफ्ट पिळले जातात, आणि त्या ताणाखाली स्लीव्हचे दाते एकमेकांना असे धरून बसतात की छोटी मोटर त्यांना ओढून काढू शकत नाही.

हे वळणावर होणं नेहमीचं आहे, कारण वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. पण इथे गाडी सरळ आली होती. आणि मालकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी पहिल्यांदा मला उलटी वाटली: "मोठं वळण आलं की कधी कधी आपोआप सुटतं."

मी गाडीभोवती फेरी मारली. पुढचे दोन टायर नवेकोरे.

"तीन महिन्यांपूर्वी टाकले. मागच्यांना अजून नक्षी आहे, म्हणून ठेवले." साइज चारही टायरांवर एकच छापलेली. चौघांत हवा सारखी केली, प्रत्येकावर खडूची खूण मारली आणि गाडी सपाट फरशीवर बरोबर पाच फेरे ढकलत नेली. पुढचं चाक ११ मीटर ५ सेंटिमीटर गेलं, मागचं १० मीटर ९०. एका फेऱ्याला ३ सेंटिमीटरचा फरक. नक्षीची खोली मोजली: पुढे साडेआठ मिलिमीटर, मागे साडेतीन. त्रिज्येत ५ मिलिमीटर कमी म्हणजे घेरात साधारण ३ सेंटिमीटर कमी, हिशेब जुळला.

सव्वा-दीड टक्का ऐकायला काही वाटत नाही. पण एका किलोमीटरला पुढच्या चाकाचे सुमारे ४५२ फेरे होतात आणि मागच्याचे ४५८. सहा फेऱ्यांचा फरक, आणि मध्ये डिफरन्शियल नाही. दीड-दोन किलोमीटर सरळ चालवल्यावर शाफ्टांनी काय करावं? टायर अधूनमधून घसरून थोडा पीळ सोडतात, बाकीचा साचलेला राहतो. त्या वळणाचं कोडंही याच हिशेबात सुटलं. पुढची चाकं मोठी असल्यामुळे ती एका फेऱ्यात जास्त अंतर कापतात, आणि वळणावर त्यांना जास्त अंतरच हवं असतं. २.७ मीटर व्हीलबेस धरला तर साधारण १६ मीटर त्रिज्येच्या वळणावर हे दोन्ही फरक एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. म्हणून सरळ रस्त्यावर अडायचं आणि वळणावर सुटायचं.

आणि नळी बदलल्यावर तक्रार का वाढली? आधी गरम गाडीत पुढचा ॲक्सल जोडलाच जात नव्हता, मग पीळ कुठून येणार. आता तो दर वेळी जोडला जात होता. एक बिघाड दुसऱ्याला झाकत होता, आणि मी वरचं झाकण काढलं होतं.

खात्री करायला एक प्रयोग केला. पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलवर एक नवा आणि एक जुना टायर बसवला. दोन्ही डिफरन्शियल साधी, लॉक किंवा लिमिटेड-स्लिप (दोन चाकांच्या वेगातला फरक अडवणारी सोय) नाही, त्यामुळे प्रत्येक ॲक्सलची सरासरी सारखी झाली आणि दोन्ही शाफ्टांची गतीही. त्याच डांबरी रस्त्यावर, सावकाश, फोर-एचमध्ये दोन किलोमीटर सरळ. नॉब फिरवला, दिवा दोन सेकंदांत बंद. पाच वेळा केलं. असे टायर बसवून गाडी द्यायची नसते: ॲक्सलचं डिफरन्शियल सतत काम करत राहतं आणि ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. तपासणीपुरतंच ठीक. मालकांनी मागे पुढच्यांच्याच जातीचे दोन नवे टायर टाकले आणि तक्रार संपली. डांबर लागायच्या आतच नॉब फिरवायचा, हेही सांगितलं, आणि तेही त्यांनी मानलं. ही गाडी क्लच-पॅकवाली (पुढच्या-मागच्या चाकांना घर्षणाच्या चकत्यांनी जोडणारी) ऑल-व्हील ड्राइव्ह असती तर टायरांतला तोच फरक क्लचने गुपचूप पोटात घेतला असता, आणि काही हजार किलोमीटरांनी क्लचच जळून आला असता. निदान इथे दिवा तरी लुकलुकत होता.

उशिरा का होईना, तो साठलेला कोड पुन्हा पडला होता तो उघडून पाहिला. या वेळी सोबतची टिपलेली स्थितीही वाचली. मागणी: टू-एच. मोटर थांबली होती ती काढताना, लावताना नव्हे. पहिल्या दिवशी हीच ओळ माझ्यासमोर होती आणि मी ती न वाचता पुसली होती. तेव्हापासून वहीत तक्रारीखाली दोन रकाने पाडले आहेत: लावताना आणि काढताना. ग्राहक बोलू लागला की कुठली गोष्ट कुठल्या रकान्यात जाते ते विचारतो.

गाडी नेताना मालकांनी डिकीतली ती कापडात गुंडाळलेली मोटर काढली. "हिचं काय करू?" मी तिला बॅटरीला जोडली. घूं करत एका टोकाला गेली. तारा उलट्या केल्या, दुसऱ्या टोकाला आली. जागा सांगणारे संपर्क मीटरने पाहिले, सगळे ठीक. त्यांनी ती पुन्हा कापडात गुंडाळली आणि स्टेपनीच्या शेजारी ठेवली.